टिकटिक आणि पालेभाजी

ऑपरेशन झाल्यापासून जो कुणी भेटायला येतो किंवा फोन करतो, तो दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, "खरंच आवाज येतो का रे?" आणि दुसरा, "पालेभाजी बंद केली म्हणे तुझी?" पहिला प्रश्न पुरुषमंडळींचा, दुसरा बहुतेक करून आत्या-मावश्या-काकूंचा. दोन्हींची उत्तरं मी आता इतक्यांदा दिली आहेत की एकदा सगळं लिहूनच टाकावं म्हटलं. आणि लिहायला बसलो तर लक्षात आलं, या दोन्ही प्रश्नांना चांगला सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्या घरातूनही गेलेला आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑगस्ट २०२३ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, माझ्या हृदयाची मायट्रल झडप बदलली. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली ही झडप. दोन पाकळ्यांची असते, आणि बिशपच्या टोपीसारखी (माइटर) दिसते म्हणून तिला ते नाव पडलं. माझ्या झडपेची वाट लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने लावली होती. घसा दुखतो, मग सांधे सुजतात, ताप येतो आणि जातो. सांधे बरे होतात, झडप मात्र आतल्या आत जाड होत राहते, वर्षानुवर्षं.

आता आत्या. वडिलांची धाकटी बहीण. तिलाही हेच. साताऱ्याकडच्या गावात लहानपणी ताप येऊन गेला, कुणाच्या फारसं लक्षातही राहिलं नाही. दुसऱ्या बाळंतपणात तिला श्वास पुरेना. (गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं आणि अरुंद झालेल्या झडपेला ते झेपत नाही, अनेकींचा आजार असाच उघडकीला येतो.) १९६६ साली मुंबईला तिचं ऑपरेशन झालं. डाव्या स्तनाखालून पाठीकडे गेलेला भला मोठा वण होता तिला. ती सांगायची, "डॉक्टरांनी माझ्या काळजात बोट घातलं." आम्ही मुलं हसायचो. मोठी माणसंही म्हणायची, हिला गोष्टी रंगवून सांगायची सवयच आहे.

आत्या शब्दशः खरं सांगत होती.

झडपेच्या शस्त्रक्रियेची सुरुवातच बोटाने झाली. त्याआधी एकदा सुरीने झाली होती. १९२३ च्या मे महिन्यात बॉस्टनला इलियट कटलर यांनी बारा वर्षांच्या एका मुलीची अरुंद झडप सुरीने मोकळी करायचा प्रयत्न केला. ती मुलगी साडेचार वर्षं जगली, पण त्यानंतरचे रुग्ण एकामागून एक दगावले आणि कटलरनी तो नाद सोडला. १९२५ साली लंडनला हेन्री सूटर यांनी हृदयाच्या डाव्या कानातून, म्हणजे वरच्या कप्प्याला असतो त्या छोट्या पिशवीतून, बोट आत घातलं आणि धडधडत्या हृदयातली झडप चाचपून मोकळी केली. मुलगी वाचली. आणि गंमत बघा, त्यानंतर त्यांच्याकडे दुसरा एकही रुग्ण कुणी पाठवला नाही! हृदय हा अवयव सर्जनने हात लावायचाच नाही, असं तेव्हाच्या फिजिशियन मंडळींचं पक्कं मत होतं. यशस्वी झालेलं ऑपरेशन केवळ प्रतिष्ठित लोकांना पटलं नाही म्हणून तेवीस वर्षं पडून राहिलं.

मग १० जून १९४८. फिलाडेल्फियाचे चार्ल्स बेली. आधीचे रुग्ण गेलेले, रुग्णालयं एकेक करून दारं बंद करायला लागलेली. त्या दिवशी त्यांनी दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत दोन ऑपरेशनं लावली होती, पहिलं अपयशी झालं तर दुसरीकडून मनाईचा निरोप पोचायच्या आत दुसरं करता यावं म्हणून. पहिला रुग्ण टेबलावरच गेला. दुसरी, चोवीस वर्षांची बाई, वाचली. सहाच दिवसांनी बॉस्टनला ड्वाइट हार्केन यांनीही ते केलं. महायुद्धात सैनिकांच्या हृदयातून आणि आसपासच्या रक्तवाहिन्यांतून बॉम्बचे तुकडे काढणारे ते हेच हार्केन. तिथून ही 'बंद' शस्त्रक्रिया जगभर पसरली आणि आपल्याकडे तर भरपूर झाली, कारण हा आजारच आपल्याकडे भरपूर. मशीन लागत नाही, फार रक्त लागत नाही, कुशल बोट लागतं. त्या बोटाने आत्याला तेरा वर्षं मिळाली. एरवी मला ती आठवलीही नसती.

पण मोकळी केलेली झडप पुन्हा आक्रसते. १९७७-७८ च्या सुमाराला आत्याला परत धाप लागू लागली आणि डॉक्टर म्हणाले, आता झडप बदलावी लागेल. झडप अमेरिकेहून येणार. तिची किंमत, वर ऑपरेशनचा खर्च. वडील वाटणीची जमीन विकायला निघाले होते. आत्याच नको म्हणाली. १९७९ साली ती गेली. आपल्या घरात यावर फारसं कुणी बोलत नाही, आणि मलाही फार लिहायचं नाही. असो.

अमेरिकेहून येणारी ती झडप म्हणजे काय होतं, हे मला आत्ता आत्ता कळलं. पिंजऱ्यातला चेंडू. खरंच तसं! एक कडं, त्यावर तारांचा छोटा पिंजरा, आत गोळी. रक्त आलं की गोळी वर जाते, रक्त मागे फिरायला लागलं की खाली येऊन भोक बंद करते. आपली जुनी गोटी-सोड्याची बाटली आठवा, तत्त्व जवळपास तेच. पहिल्यांदा हे माणसात बसवलं सप्टेंबर १९५२ मध्ये, वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या चार्ल्स हफनॅगल यांनी. पण तेव्हा हृदय थांबवून उघडायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी ती झडप हृदयाच्या बाहेर, खाली उतरणाऱ्या महारोहिणीत बसवली. गळती पूर्ण थांबत नसे, पण माणसाला आराम पडे. आणि आवाज? शेजारी बसलेल्यालाही ऐकू जाईल असा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचा उगम इथे आहे.

हृदय उघडायची सोय झाली ६ मे १९५३ ला. जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियाला अठरा वर्षांच्या मुलीचं रक्त यंत्रातून फिरवून तिच्या हृदयातलं छिद्र शिवलं. हे यंत्र करायला त्यांना जवळजवळ वीस वर्षं लागली होती. पुढचे रुग्ण वाचले नाहीत, आणि गिबननी स्वतः ते काम सोडून दिलं. या इतिहासात हे पुन्हा पुन्हा येतं. काम सुरू करणारा माणूस थकून बाजूला होतो आणि दुसराच कुणीतरी ते पुढे नेतो. मरणारे रुग्ण मोजत काम करत राहायला काय काळीज लागत असेल, ते माझ्यासारख्या बँकेत नोकरी केलेल्या माणसाने काय सांगावं.

१९६० साल मात्र कमालीचं आहे. १० मार्चला हार्केननी महाधमनीच्या जागी चेंडूवाली झडप बसवली. दुसऱ्याच दिवशी, ११ मार्चला, बेथेस्डा इथे नीना ब्राउनवाल्ड यांनी मायट्रल झडप बदलली, तीही स्वतः तयार केलेली, पॉलियुरेथेनची. पिंजरा नाही, चेंडू नाही, अगदी खऱ्यासारख्या दोन पाकळ्या आणि त्यांना धरून ठेवणारे दोरे. तेव्हा त्या नुकत्याच बत्तीस वर्षांच्या झाल्या होत्या. त्यांची रुग्ण काही महिनेच जगली, पण मायट्रल झडप बदलता येते हे एका बाईने दाखवून दिलं, ही गोष्ट मला नाव बदलून कुणी सांगितली असती तरी आवडली असती.

आणि मग पोर्टलंडचे लॉवेल एडवर्ड्स. साठीचे इंजिनिअर, विमानांच्या इंधनपंपांवर नाव आणि पैसा कमावलेले. १९५८ साली ते आल्बर्ट स्टार या बत्तीस वर्षांच्या सर्जनकडे गेले आणि म्हणाले, मला कृत्रिम हृदय बनवायचंय. (त्यांनाही लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता. आमच्यापैकीच!) स्टार म्हणाले, आधी एक झडप तर करू. पाकळ्यांच्या झडपा केल्या, त्यांत रक्ताच्या गुठळ्या होऊन कुत्री मरायला लागली. शेवटी निसर्गाची नक्कल करायचं सोडून चेंडू घेतला. पहिली रुग्ण ऑगस्ट १९६० मध्ये ऑपरेशननंतर काही तासांतच हवेच्या बुडबुड्याने गेली. २१ सप्टेंबरला बावन्न वर्षांचे फिलिप अमुंडसन यांच्यावर ऑपरेशन झालं. ते पुढे सुमारे दहा वर्षं जगले आणि वारले ते शिडीवरून पडून. झडप तेव्हाही ठीक होती म्हणे. मी बावन्नाचा असताना हे वाचलं, त्यामुळे अमुंडसनसाहेब मला फार जवळचे वाटतात. शिडीवर चढायचं मात्र बायकोने बंद केलंय.

चेंडूनंतर तबकडी आली. १९६९ ची स्वीडनच्या ब्योर्क यांची ब्योर्क-शायली, दाराच्या झडपेसारखी कलणारी. मग १९७७ मध्ये मिनेसोटात पहिल्यांदा बसवलेली दोन अर्धगोल पानांची सेंट ज्यूड. दुसरीकडे पॅरिसला आलँ कार्पेंतिये यांनी १९६५ पासून डुकराची झडप माणसात बसवायचा खटाटोप केला आणि ती टिकावी म्हणून ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवायची युक्ती काढली. स्टार आणि कार्पेंतिये या दोघांना २००७ चं लास्कर पारितोषिक मिळालं. ब्योर्क-शायलीचं एक सुधारित मॉडेल मात्र सुधारणेपायीच फसलं. तबकडी धरणारी तार मोडायची आणि माणूस बहुतेक वेळा काही तासांत संपायचा. १९८६ मध्ये ते बाजारातून काढलं, तोवर जगभरात सुमारे ८६ हजार लोकांच्या हृदयात ते बसलेलं होतं. त्या लोकांनी पुढची वर्षं रोज रात्री काय ऐकत काढली असतील? टिकटिक ऐकू येणं हीच खुशाली.

आता माझी. माझ्या छातीत आहे ती 'चित्रा'. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत डॉ. एम. एस. वलियथन आणि इंजिनिअर मंडळींनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम हाती घेतलं. कारण साधं होतं. रुग्ण तरुण आणि गरीब, झडप परदेशी आणि महाग. म्हणजे आत्याचंच कारण. पहिली तीन मॉडेलं फसली. एकात तबकडी धरणारा दांडा वेल्डिंगपाशी मोडला, एकात टायटॅनियम झिजलं, एकात तर नीलमण्याची तबकडी (हो, कृत्रिम नीलमणीच, एकसंध स्फटिक!) फुटली. चौथ्या मॉडेलमध्ये कोबाल्ट-क्रोम जातीच्या मिश्रधातूचं कडं आणि पॉलिथिलिनची तबकडी घेतली. हे पॉलिथिलिन म्हणजे आपल्या सुमनमावशीच्या नव्या गुडघ्यात आहे तेच. यंत्रात कोट्यवधी वेळा उघडझाप करून बघितली, मेंढ्यांमध्ये बसवून बघितली, आणि ६ डिसेंबर १९९० ला ती पहिल्यांदा माणसात बसवली. आत्याला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. पुढे चेन्नईच्या टीटीके कंपनीने तिचं उत्पादन केलं आणि लाखाहून जास्त झडपा बसवल्या गेल्या. वलियथन १७ जुलै २०२४ ला गेले. सर्जन म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी चरक, सुश्रुत आणि वाग्भटावर ग्रंथ लिहिले होते. त्यांना पत्र लिहायचं माझ्या मनात होतं, राहून गेलं.

तर आवाज. प्लास्टिकची तबकडी असल्याने माझी झडप तशी मितभाषी आहे. रात्री डाव्या कुशीवर झोपलो की बारीक टक् टक् येते. दिवसाला साधारण एक लाख वेळा, वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त. पहिले काही आठवडे मी मोजत बसायचो. ठोका चुकला असं वाटलं की उठून बसायचो. आता पंख्याचा आवाज जसा ऐकू येत नाही, तसं झालंय.

काहीजणांनी विचारलं, फुग्याने का नाही केलं? ती पद्धत आहे. जपानच्या कांजी इनोऊ यांनी ती १९८४ साली प्रसिद्ध केली आणि आज बोटाचं काम तोच फुगा करतो. पण माझी झडप अरुंदही होती, गळतही होती आणि तिच्यात चुना साठलेला. २००२ साली फ्रान्समधल्या रूआंला आलँ क्रिबिए यांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून झडप बसवली, पण ती महाधमनीची. माझ्यापुढे प्रश्न एवढाच होता, यांत्रिक की प्राणिज? प्राणिज झडपेला रक्त पातळ करायची गोळी कायमची लागत नाही, पण माझ्या वयात ती दहा-पंधरा वर्षांत खराब व्हायची शक्यता बरीच, म्हणजे पासष्टीत परत छाती उघडायची. यांत्रिक झडप टिकते, पण गोळी मरेपर्यंत. दोन रात्री झोप नव्हती. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला रोज एक गोष्ट नेमाने करणं सोपं जातं, एकदाच मोठं काही करणं अवघड जातं." पोरगी ओळखून आहे. यांत्रिक ठरली.

तयारीत सगळ्यात आधी कुठे पाठवलं असेल? दाताच्या डॉक्टरकडे! सगळ्यांना नवल वाटलं. तोंडातले जंतू रक्तात शिरून नव्या झडपेवर घर करतात, म्हणून किडलेल्या दोन दाढा आधी काढल्या. यापुढेही दाताचं काम करायच्या आधी अँटिबायोटिक घ्यायचंच. मग अँजिओग्राफी, फुप्फुसांची तपासणी, रक्तदात्यांची जमवाजमव. आमच्या सोसायटीतली चार पोरं न सांगता उभी राहिली, त्यातल्या दोघांची नावं मला तोवर माहीत नव्हती. आणि तीन गोळ्यांचं ते फुंकायचं, खरं तर ओढायचं, खेळणं. श्वास आत ओढून गोळ्या वर धरायच्या. ऑपरेशनच्या आधी तिन्ही वर जायच्या. नंतर पहिल्या दिवशी एकसुद्धा हलली नाही.

ऑपरेशनचं मला काहीच सांगता येत नाही, आणि तेच बरं. छातीचं हाड मधोमध कापतात, हृदय थंड करून पोटॅशियमच्या द्रावणाने थांबवतात. माझं हृदय सुमारे दीड तास थांबलेलं होतं. जाग आली तेव्हा घशात नळी, बोलता येईना, आणि तहान अशी की तशी आयुष्यात कधी लागली नव्हती. सिस्टरने ओला कापूस ओठांवर फिरवला. खोकायचं तर उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. हाड तारांनी बांधलेलं असतं, त्या तारा कायमच्या आत राहतात. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे. तोवर बादली उचलायची नाही, खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. स्कूटर तीन महिने बंद.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात, जखम भरत आलेली, सगळे म्हणतायत रंग छान दिसतोय, आणि मला कारण नसताना रडू यायचं. जेवणाला चव नाही, वर्तमानपत्राचं एक पान वाचून होईना. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, पुष्कळांना होतं, जाईल. दीड-दोन महिन्यांत गेलंही. ज्यांच्या घरात असं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा. रुग्णाला "आता तर बरा झालास की" असं म्हणू नका, नुसते शेजारी बसा. माझे वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे. रोज संध्याकाळी खुर्ची ओढून बसायचे, काही बोलायचे नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "हिला पण असंच व्हायचं." कुणाला ते विचारायची गरज नव्हती. १९८० साली मला ताप आणि गुडघे सुजले तेव्हा वडिलांनी दुसऱ्या दिवशीची वाट न बघता मला साताऱ्याला का नेलं, आणि पुढे दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं ते भयंकर दुखणारं इंजेक्शन वर्षानुवर्षं न चुकता का द्यायला लावलं, हे मला आता नीट कळतं. माझी झडप बावन्न वर्षं टिकली, ती त्या इंजेक्शनांवर.

राहता राहिली पालेभाजी. ही गोष्ट अमेरिकेतल्या गाईंपासून सुरू होते. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरं किरकोळ जखमेनेही रक्त वाहून मरू लागली. दोष स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याचा निघाला, तोही ओला राहून बुरसटलेल्या चाऱ्याचा. (हे झाड आपल्या लसूणघासाचं आणि मेथीचं नातलग, बरं का.) १९३३ च्या फेब्रुवारीत, बर्फाच्या वादळात, विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त घेऊन मॅडिसनला पोचला आणि कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेचं दार त्याला उघडं मिळालं. १९३९ मध्ये त्यांनी त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं केलं. त्याचा एक भाऊबंद १९४८ मध्ये उंदराचं औषध म्हणून बाजारात आला, वॉरफेरिन. विस्कॉन्सिनच्या ज्या संस्थेने संशोधनाला पैसा दिला तिच्या आद्याक्षरांवरून हे नाव. १९५४ मध्ये ते माणसांसाठी मंजूर झालं आणि १९५५ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना दिलं गेलं. नवी, तपासणी न लागणारी औषधं निघाली आहेत, पण यांत्रिक झडपेला ती चालत नाहीत. त्यातल्या एकाचा प्रयोग २०१२ मध्ये गुठळ्या आणि रक्तस्राव वाढल्याने थांबवावा लागला.

वॉरफेरिन यकृतातल्या के जीवनसत्त्वाच्या कामात खोडा घालतं, आणि ते जीवनसत्त्व पालेभाज्यांत भरपूर. आज ढीगभर पालक, पुढे आठवडाभर काहीच नाही, असं केलं की गोळीचा हिशेब चुकतो. म्हणून भाजी बंद नाही, बेताची आणि नेमाची. रक्त किती वेळात गोठतं ते आयएनआर या आकड्यात मोजतात. तुमचा साधारण १, माझा २.५ ते ३.५ मध्ये हवा. सुरुवातीला दर आठवड्याला तपासायचो, आता महिन्याने. गेल्या सोमवारी २.८ आला. मेथी गुरुवारी आणि रविवारी, एकेक वाटी. तेव्हा दिवाळीला कुणी माझ्यासाठी खास म्हणून बिनपालेभाजीचा वेगळा स्वयंपाक करू नये, आणि गुडघ्याला लावतो-खातो ती आपली नेहमीची दुखण्यावरची गोळी मला प्रेमाने देऊ नये. तिने खरंच रक्त वाहील.